बोंग-हीची फाइल

कोरियन मालिकांतले वकील फार देखणे असतात आणि त्यांच्या फायलींचे कोपरे कधी दुमडलेले नसतात. दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. दिवसभर ग्वाल्हेरच्या जिल्हा न्यायालयात पुकाऱ्याची वाट बघत उभं राहायचं, मुंशीजींना नकलेच्या अर्जाचं काय झालं ते विचारायचं, आणि दुपारी कळायचं की साहेब रजेवर आहेत, पुढची पेशी दीड महिन्याने. अशा बाईने संध्याकाळी घरी येऊन पुन्हा खऱ्यासारखंच कोर्ट का बघावं? तसं बघायचं तर चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ आहे. त्यातली सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. तो सिनेमा मला फार मोठा वाटतो, पण थकल्या दिवशी मी तो लावत नाही. थकल्या दिवशी मी ‘सस्पिशस पार्टनर’ लावते.

ही मालिका दक्षिण कोरियाच्या एसबीएस वाहिनीवर 2017 च्या मे ते जुलै या काळात आली. नायक जी चांग-वूक, नायिका नाम जी-ह्यून. भाग 40, पण हा आकडा फसवा आहे. तिथल्या जुन्या मोठ्या वाहिन्यांना तेव्हा कार्यक्रमाच्या मधोमध जाहिरात दाखवायची मुभा नव्हती. म्हणून त्यांनी तासाभराच्या भागाचे दोन तुकडे केले, दोन्हींना वेगवेगळे क्रमांक दिले आणि मधल्या फटीत जाहिरात बसवली. कायद्यातून इतकी सरळ पळवाट काढणाऱ्या वाहिनीने वकिलांची मालिका करावी, हे मला मनापासून आवडतं. मालिका संपली आणि महिन्याभरात, 14 ऑगस्टला, जी चांग-वूक सक्तीच्या लष्करी सेवेत गेला. त्यामुळे त्याच्या चाहत्यांच्या आठवणीत ती निरोपाची मालिका होऊन बसली.

ग्वाल्हेरच्या आमच्या मुरार भागात ती कशी पोचली याचं उत्तर एका शब्दात देता येतं: जिओ. 2016 च्या सप्टेंबरानंतर ज्या घरांत महिन्याचा एक जीबी पुरवून पुरवून वापरला जाई, त्या घरांत रात्री दोन वाजता पोरी उशीत तोंड खुपसून सोलमधल्या पावसावर रडू लागल्या. मुरारला बाहेरच्या माणसांची सवय आहेच म्हणा. 1844 च्या तहानंतर इंग्रजांनी इथे छावणी बसवली, 1858 च्या जूनमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोज आधी इथे येऊन थडकला आणि मग ग्वाल्हेरकडे वळला. 1886 साली झाशी स्वतःकडे ठेवून इंग्रजांनी किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत केलं, तेव्हा कुठे आम्ही घरचे झालो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले लोक मात्र अजून आम्हाला जरा वेशीबाहेरचेच धरतात. माझ्या काकू लष्करच्या. लग्न होऊन सात नंबर चौराह्याजवळच्या या घरात आल्या त्याला चार दशकं होत आली, पण ‘आमच्या लष्करात’ हा शब्द अजून गेलेला नाही.

2017 मध्ये मी सिव्हिल जजच्या परीक्षेचा अभ्यास करत होते, म्हणजे कायद्याची पदवी घेतलेली इथली बहुतेक प्रत्येक मुलगी जे करते तेच. कूलरच्या समोर बेअर अ‍ॅक्ट्स उघडे, त्यांच्या मागे मोबाइल टेकवलेला. काकू भेंडी चिरायला येऊन बसत आणि म्हणत, ‘काय बोलतायत गं ते?’ मी खालची इंग्रजी वाचून मराठीत सांगत जाई. त्यांनी नायकाचं नाव पहिल्याच दिवशी टाकून दिलं आणि त्याला ‘आपला वकील’ म्हणायला सुरुवात केली. त्या वेळी आम्हा दोघींचं सगळं लक्ष आपला वकील कधी हसतो इकडे होतं. खून, खटला, आग, हे सगळं त्या हसण्याच्या मधे येणारं सामान होतं. आणि मालिकाही खुशाल तसं बघू देते. ती प्रेमकथाच आहे, त्याबद्दल तिला संकोच नाही.

परीक्षेचं पुढे काही झालं नाही आणि मी वकिलीत पडले. (आता 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने न्यायिक सेवेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा लागू केलीय. माझ्या बरोबरीच्या ज्या पोरी घरातून पळत कोर्टात यायला तयार नव्हत्या, त्या आता वकालतनामे शोधत फिरतात.) तर गेल्या हिवाळ्यात, ग्वाल्हेरच्या मेळ्याच्या दिवसांत, काकूंनी स्वतःहून विचारलं, ‘तो आपला वकील अजून दिसतो का गं?’ म्हणून पुन्हा लावली. या खेपेला काकू भेंडीऐवजी मटार सोलत होत्या, आणि मी मालिका बघत होते ती एका वेगळ्याच जागेवरून.

सुरुवात सोलच्या मेट्रोतल्या गर्दीत होते. उन बोंग-हीला कुणीतरी नको तिथे हात लावतं. ती वळते आणि शेजारच्या उंच माणसाला पकडते. तो म्हणजे नो जी-वूक, सरकारी वकील. त्याने काहीही केलेलं नसतं. हा प्रसंग विनोदासाठी आहे, आम्ही तेव्हा हसलोही होतो, आणि आताही हसू येतं. पण कुठल्याही फौजदारी वकिलाला विचारा, ही शिनाख्ती आहे, म्हणजे ओळख पटवणं. पीडितेने घटनास्थळी, घटनेनंतर लगेच, समोरासमोर केलेली. यापेक्षा भक्कम शिनाख्ती सहसा मिळत नाही. आणि ती साफ चुकीची आहे.

पुढे काय होतं? बोंग-हीचा जुना प्रियकर तिच्या घरात मेलेला सापडतो आणि ती खुनाची आरोपी होते. आता चुकीचं बोट तिच्याकडे. तिच्याविरुद्ध उभा राहतो तो जी-वूकच. आणि अर्धीअधिक मालिका सरल्यावर कळतं की या दोघांच्या मागे आणखी एक जुनं बोट आहे. जी-वूक लहान असताना त्याच्या घराला आग लागली, आई-बाप त्यात गेले. आग लावणारा म्हणून ज्याचं नाव लागलं तो बोंग-हीचा बाप. त्याला ओळखणारा साक्षीदार: लहानगा जी-वूक. आणि ती साक्षही खोटी. मुलाने खोटी दिली नव्हती, त्याच्याकडून ती वदवून घेतली होती. खरं तर त्या माणसाने त्या पोराला आगीतून बाहेर काढलेलं होतं.

म्हणजे हसत-खेळत, पिझ्झा खात पुढे जाणारी ही मालिका मुळात एकावर एक रचलेल्या तीन चुकीच्या शिनाख्तींची आहे. लेखिका क्वॉन की-यंग हिने पहिली थट्टेत दिली, दुसरी कथानकाच्या गरजेपोटी, आणि तिसरी येईपर्यंत आपण बेसावध. मेट्रोतला तो प्रसंग किती विचार करून पहिला ठेवलाय हे दुसऱ्यांदा बघतानाच दिसतं, कारण पहिल्यांदा बघताना आपण नायकाच्या उंचीकडे बघत असतो.

आपल्याकडे शिनाख्ती परेड तुरुंगात होते. कार्यपालक दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, साधारण त्याच वयाच्या, त्याच अंगकाठीच्या लोकांत आरोपीला उभा करतो आणि साक्षीदाराला आत बोलावतो. आरोपीने तोंड झाकून यावं, साक्षीदाराला तो आधी दाखवला जाऊ नये, असा दंडक. प्रत्यक्षात फोटो आदल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला असतो. उलटतपासणीत आम्ही तेच विचारतो, ‘आपने इसका फोटो पहले देखा था?’ साक्षीदार ‘नहीं’ म्हणतो. तिथे आपल्या वकिलासारखा भुवई उंचावून थांबायला कुणाला सवड नसते. स्टेनोबाईंची बोटं पुढच्या प्रश्नासाठी वर उचललेली असतात.

जी-वूकचं ऑफिस बघताना या वेळी मी काकूंना दोनदा थांबायला लावलं. आरोपी थेट सरकारी वकिलाच्या टेबलासमोर बसलाय, वकील त्याची चौकशी तिथेच करतोय, बाजूला तपास करणारा कर्मचारी टाइप करतोय. मुरारच्या ठाण्यात आणि ग्वाल्हेरच्या कोर्टात मिळून जी कामं चार-पाच माणसं करतात ती तिथे एका खोलीत होतात. आपल्याकडचा लोकअभियोजक तपासात नसतोच. चालान, म्हणजे दोषारोपपत्र, येतं तेव्हा त्याला गुन्हा कळतो, आणि पुष्कळदा चालानातले साक्षीदार त्याला पहिल्यांदा साक्षीच्या दिवशीच दिसतात. कोरियात खटला भरायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार सरकारी वकिलाचाच, तपासावरही दीर्घकाळ त्याचाच वरचष्मा. म्हणून त्यांच्या मालिकांत खलनायक इतक्या सहजी सरकारी वकील असतो. इथला खलनायक जांग मू-यंग त्या खात्यातला मोठा अधिकारी आहे, मेलेल्या तरुणाचा बाप आहे, आणि ती जुनी साक्ष घडवणाराही तोच. एवढी सत्ता एका खुर्चीत असली की काय होतं हे लेखिकेला काल्पनिक रचावं लागलं नसावं. 2025 च्या सप्टेंबरात तिथल्या संसदेने हे खातंच मोडून तपास आणि खटला चालवणं यांची दोन वेगळ्या संस्थांत वाटणी करण्याचा कायदा केला. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग आपला वकील कुठे बसणार?’

ही मालिका आली त्याच वर्षी आणखी एक दार बंद होत होतं. बोंग-ही सुरुवातीला न्यायिक प्रशिक्षण संस्थेतली विद्यार्थिनी आहे. जुनी राष्ट्रीय परीक्षा उतरायची, मग त्या संस्थेत दोन वर्षं, मग न्यायाधीश, सरकारी वकील किंवा खाजगी वकील, असा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता. 2009 पासून लॉ स्कूल सुरू झाली आणि 2017 संपताना जुनी परीक्षा कायमची बंद झाली. गरीब घरातल्या मुलीने एका परीक्षेवर आयुष्य बदलायचं, ही गोष्ट सांगायला लेखिकेला शेवटची संधी होती.

आता मालिकेतल्या मधल्या त्या दोन वर्षांकडे येते, ज्यांच्यावरून पहिल्या खेपेला आमची नजर घसरली होती. पुराव्यात घोळ आहे हे जी-वूकच्या लक्षात येतं आणि तो भर कोर्टात बोंग-हीवरचा खटला मागे घेतो. नोकरी गमावतो. प्रेमकथेच्या दृष्टीने हा मोठा क्षण, पार्श्वसंगीतही तसंच. पण बोंग-हीला काय मिळतं? ती निर्दोष सुटलेली नाही. तिच्यावरचा खटला नुसता उचलला गेलाय. कोरियन कायद्यात असा मागे घेतलेला खटला महत्त्वाचा नवा पुरावा सापडला तर पुन्हा भरता येतो. म्हणजे ती मोकळी आहे, पण तिच्या बाजूने लिहिलेला एकही निकाल जगात नाही. मग मालिका दोन वर्षं पुढे उडी मारते. बोंग-ही वकील झालीय, अशील मिळत नाहीत, लोक तिच्याकडे बघून कुजबुजतात, मेलेल्याचा बाप तिच्या मागे हात धुऊन लागलाय. आणि ती खरा खुनी शोधतेय, कारण दुसरा कुठला कागद तिला वाचवू शकत नाही.

आपल्याकडेही सरकारी वकिलाला खटला मागे घेता येतो. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत ते कलम 321 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 360 झालं. न्यायालयाची संमती लागते. आरोप ठेवण्याआधी मागे घेतला तर आरोपीची नुसती सुटका, आरोप ठेवल्यानंतर घेतला तर निर्दोष मुक्तता. हा फरक आम्ही परीक्षेसाठी घोकला होता. आणि नव्या संहितेने एक वाक्य वाढवलंय: पीडिताला बोलायची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने संमती देऊ नये. वाक्य न्यायाचं आहे, मला पटतंही. पण कल्पना करा, बोंग-हीचा खटला ग्वाल्हेरला चालला असता. मेलेल्या मुलाचा बाप, पीडित म्हणून, कोर्टात उभा राहिला असता आणि त्याचं म्हणणं ऐकून घेणं भाग होतं. हाच माणूस सगळी सूत्रं हलवणारा. आपल्या वकिलाने मग काय केलं असतं?

असा मोकळा झालेला एक गृहस्थ माझ्या ओळखीत आहे. ओळखता येईल इतकं सांगत नाही. मुरारमध्ये त्यांचं शिलाईचं दुकान होतं. शेजारच्या घरातल्या चोरीत त्यांचं नाव आलं, कित्येक वर्षं पेश्या झाल्या, फिर्यादीचे साक्षीदार फिरले आणि ते सुटले. सुटले त्या दिवशी त्यांनी निकालाची प्रमाणित नकल मागितली. दोन प्रती. एक लॅमिनेट करून दुकानात काउंटरच्या काचेखाली लावली. नकल हिंदीत होती, पण कोर्टाच्या हिंदीत, ‘संदेह का लाभ’ असलेल्या हिंदीत. बायका ब्लाउजचं माप द्यायला येत आणि काचेखालचं वाचू लागत. ज्यांनी आजवर काही ऐकलंही नव्हतं त्यांनाही त्यातून केस कळली. शेवटी त्यांनी ती काढली. आमचे सीनियर त्यांना आधीच म्हणाले होते, ‘भाईसाहब, कोर्ट आपको छोड़ सकता है, मोहल्ले को नोटिस नहीं भेज सकता.’ ते खरंच आहे. निकाल दोन पक्षांना मिळतो, गल्लीला मिळत नाही.

बोंग-हीच्या मधल्या वर्षांत मालिका नेमकी या गल्लीत शिरते, आणि तिथेच ती नुसत्या प्रेमकथेपेक्षा वर चढते असं मला वाटतं. जी-वूक तिच्या प्रेमात पडतो वगैरे नंतर. त्याआधी तो जगातला एकमेव माणूस असतो ज्याने कागद बघून म्हटलंय की हिने केलेलं नाही. काकूंच्या मते ते प्रेमाचंच लक्षण. माझ्या मते ते पुरावा वाचण्याचं. यावर आमचं जमलं नाही.

मग ती जुनी साक्ष. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पहिल्या खेपेला मी हे भाग दुप्पट वेगाने पळवले होते. रडारड फार होती.

लहान मूल कोर्टात आलं की आधी न्यायाधीश त्याच्याशी बोलतात. शाळेत कोणत्या वर्गात आहेस, मास्तरांचं नाव काय, झूठ बोलने से क्या होता है. पोरं ठरलेलं उत्तर देतात: पाप लगता है, किंवा भगवान सजा देते हैं. साहेब लिहून घेतात की साक्षीदार प्रश्न समजून उत्तरं देऊ शकतो. 1969 च्या शपथ अधिनियमानुसार बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं कळतं पण शपथेचा अर्थ कळत नाही असं वाटलं, तर शपथ न देताही साक्ष घेता येते. वय कमी आहे म्हणून कुणी साक्षीला अपात्र नाही, ते जुन्या पुरावा कायद्यातही होतं, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 124 मध्येही आहे. मग बचाव पक्षाचा वकील उठतो आणि मधाळ आवाजात विचारतो, ‘बेटा, यहाँ आने से पहले किसी ने कुछ सिखाया?’ मूल आईकडे बघतं. ते बघणंही आम्ही लिहून घ्यायला सांगतो. असे वकील असतात, मीही त्यांच्यात बसते.

या प्रश्नावर आमच्याच राज्यातला एक खटला नुकताच गाजला: मध्य प्रदेश शासन विरुद्ध बलवीर सिंह. घटना 2003 ची. एका स्त्रीचा तिच्या घरात मृत्यू, घाईघाईने अंत्यसंस्कार, आणि बघणारी म्हणून तिची साधारण सात वर्षांची मुलगी. आरोपी मुलीचा बाप. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. हायकोर्टाने सोडलं: मुलीचा जबाब पोलिसांनी 18 दिवस उशिरा घेतला होता, तिला पढवलं असण्याची शक्यता होती. 2025 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने शिक्षा पुन्हा कायम केली आणि सांगितलं की मूल आहे एवढ्यानेच साक्ष बाजूला सारता येत नाही. पढवलं असेल तर ते दिसलं पाहिजे, नुसता संशय पुरत नाही. ती मुलगी आज तिशीच्या उंबरठ्यावर असेल. तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, यावर तीन कोर्टांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं लिहिलं, आणि ती मधल्या काळात मोठी झाली.

मला तो निकाल पटतो. तरी जी-वूकचे ते भाग बघताना पोटात गोळा येतो, कारण तिथे पढवणारी आई नाही, मामा नाही, बचावाचा वकील नाही. पढवणारा सरकारी वकील आहे. टेबलाच्या त्या बाजूचा माणूस, ज्याच्यावर संशय घेण्याची आमच्याकडे कुणाला सवय नाही. मूल नुकतं पोरकं झालंय. त्याला फोटो दाखवला जातो, पुन्हा दाखवला जातो. त्याला जे आठवतं ते आणि त्याला जे सांगितलं जातं ते, दोन्हींची इतकी सरमिसळ होते की मोठेपणी तो स्वतःच ती साक्ष खरी मानून वावरतो. पुढे सरकारी वकीलही होतो. त्या साक्षीचं खोटेपण त्याला कळतं तेव्हा त्याचा बाप दुसऱ्यांदा मरत नाही. एक परका माणूस, ज्याने त्याला उचलून बाहेर आणलं, तो पहिल्यांदा मरतो. आणि तो बोंग-हीचा बाप आहे.

मालिकेला इथे घाई होते. कोरियन मालिकांना शेवटच्या भागांत नेहमीच होते. विरह ठेवायचा, तो संपवायचा, खुनी ह्यून-सूचं निस्तरायचं. (हा ह्यून-सू आधी या दोघांचाच अशील असतो. ते त्याला खुनाच्या आरोपातून सोडवतात आणि मग कळतं की तो खरोखर खुनी आहे. हे वळण मी आता दोन्ही हात गच्च धरून बघते. काय बघतेय ते माझ्या अशिलांना न सांगितलेलं बरं.) पण घाईतही लेखिकेने एक गोष्ट नीट केलीय, आणि ती कोर्टात केलेली नाही. पिझ्झाच्या दुकानात केलीय.

जी-वूकला वाढवणारी होंग बोक-जा पिझ्झाचं दुकान चालवते. बोंग-हीची आई तिथेच कामाला लागते. दोघींना एकमेकींचं काहीच माहीत नाही. एकीच्या घरात आगीत मेलेल्यांचा मुलगा, दुसरी ज्याच्यावर आग लावल्याचा ठपका आला त्याची बायको. दोघी भांडतात, एकमेकींना टोमणे मारतात, दुकान बंद झाल्यावर एकत्र बसतात. पहिल्यांदा बघताना मला या दोघींचा कंटाळा यायचा, मी काकूंना विचारायचे, पुढे ढकलू का? काकू ढकलू देत नसत. मग बोक-जाला कळतं की ही कुणाची बायको, आणि ती तोंड फिरवते. मग आणखी पुढचं कळतं, की या बाईच्या नवऱ्याने तिच्या पोराला वाचवलं होतं.

बोंग-हीच्या आईला कुठल्याही कोर्टाने काही दिलेलं नाही. तिच्या नवऱ्यावर खटला चालून निकाल लागण्याइतका तो जगलाच नाही, त्यामुळे पलटवायला निकालही नाही. तिचं म्हणून जे व्हायचं ते एका दुकानमालकिणीच्या तोंडून, पिठाच्या टेबलाशी. शिलाईवाल्या गृहस्थांना काचेखालच्या कागदाऐवजी असं एखादं माणूस हवं होतं. शेजारचं घर, ज्यांची चोरी झाली होती, त्यांच्यापैकी कुणीतरी फक्त ब्लाउज शिवायला टाकला असता तरी चाललं असतं. मी हे त्यांना कधी बोलले नाही. वकिलाने असं बोलायचं नसतं, त्याची फी नसते.

तो भाग संपला तेव्हा काकूंचे मटार सोलून केव्हाच झाले होते, त्या नुसत्या टरफलं चाळवत होत्या. म्हणाल्या, ‘माफी मागितली ते ठीक. पण पगार वाढवला का तिचा?’

‘वाढवला असेल. दाखवला नसेल.’

‘दाखवला नाही म्हणजे वाढवला नाही,’ काकू म्हणाल्या. ‘रडून माफी मागायला काय लागतं? इतकी वर्षं ती बाई दुकान झाडतेय. हिशेब व्हायला नको?’

मी म्हटलं, काकू, ती प्रेमाची मालिका आहे. त्यावर त्यांनी मला मागचा भाग पुन्हा लावायला लावला, पगाराचं कुठे निसटलं असेल तर ते शोधायला. आम्ही शेवटपर्यंत बघितलं. रेकॉर्डवर तसं काही आलेलं नाही, आणि जे रेकॉर्डवर नाही ते धरून चालू नये हे मीच त्यांना कधीतरी शिकवलेलं होतं.